हुंडेकऱ्याची पावती आणि विमानातली बॅग

बुऱ्हाणपूरला नियमित विमानसेवा नाही. त्यामुळे इथल्या बुधवारा मोहल्ल्यातला माणूस उमरा करून, आखातातली नोकरी आटोपून किंवा परदेशात शिकणाऱ्या मुलाला भेटून परततो तेव्हा त्याचं विमान मुंबईला नाहीतर इंदूरला उतरतं आणि पुढचा प्रवास रेल्वेचा किंवा रस्त्याचा असतो. मुंबईहून बुऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनापर्यंत सुमारे ५०० किलोमीटर, इंदूरहून सुमारे १८०. गाडीचं आरक्षण कधीच झालेलं असतं, घरचे वाट पाहत असतात, आणि विमानतळावरच्या पट्ट्यावरून सगळ्यांच्या बॅगा उचलल्या गेल्या तरी आपली एक आलेली नसते. अशा वेळी बहुतेक जण जे करतात ते समजण्यासारखं आहे. काउंटरवर नाव आणि मोबाइल नंबर सांगायचा, ‘आली की कळवतो’ हे ऐकून घ्यायचं आणि गाडी गाठायची. माझं म्हणणं असं की हरवलेल्या बॅगेचा निकाल पुष्कळदा याच तासाभरात लागतो. बॅग शोधणं विमान कंपनीच्या यंत्रणेचं काम आहे आणि ती यंत्रणा बऱ्यापैकी चालते. पण बॅग सापडलीच नाही, उशिरा सापडली किंवा फुटून आली, तर भरपाई मिळणार की नाही हे त्या तासात आपल्या हाती कोणता कागद आला यावर अवलंबून असतं.

या गावाला ही गोष्ट परकी वाटू नये. सुरतेहून आग्ऱ्याला जाणारी वाट बुऱ्हाणपुरावरून जात असे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५च्या सप्टेंबरात सुरतेला उतरला तेव्हा आपल्या सामानाच्या झडतीवरून त्याचा तिथल्या अंमलदारांशी मोठा वाद झाला, आणि नोव्हेंबरात तो बुऱ्हाणपुरात शहजादा परवेझच्या दरबारी हजर झाला. इथलं कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात असल्याचं फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये लिहून गेला आहे. एवढा माल एवढ्या दूर पाठवणारा व्यापारी प्रत्येक गाठोड्यामागून स्वतः चालत जाणं शक्यच नव्हतं. जुन्या मराठीत यासाठी एक शब्द होता, हुंडेकरी. ठरलेल्या ठिकाणी माल पोचवायचा मक्ता तो घेई. वाटेतली जकात, टोल, भाडं हे सगळं एका रकमेत धरलेलं असे. मालकाला वाटेवरच्या प्रत्येक नाक्याशी स्वतंत्र हिशेब करावा लागत नसे, त्याचा व्यवहार हुंडेकऱ्याशी असे. विमान कंपनी बॅग तोलून पट्ट्यावर सोडते आणि आपल्याला टॅगचा तुकडा देते, तेव्हा तीही हाच मक्ता घेत असते. प्रवासी मात्र ही गोष्ट विसरतो आणि बॅग हरवली की स्वतःच अपराध्यासारखा काउंटरसमोर उभा राहतो.

आजचा कायदाही याच तत्त्वावर उभा आहे. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या जबाबदारीचा पहिला मोठा करार १९२९ साली वॉर्सा इथे झाला. त्याची जागा १९९९च्या माँट्रियल कराराने घेतली. तो नोव्हेंबर २००३मध्ये अमलात आला आणि भारतासाठी ३० जून २००९पासून लागू झाला. आपल्याकडे १९७२च्या हवाई वाहतूक कायद्यात त्याचा समावेश तिसऱ्या परिशिष्टात आहे. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान हे देशही या करारात आहेत, म्हणजे इथले लोक जिथे सर्वाधिक जातात तो सगळा भाग त्यात येतो. करारानुसार कंपनीने प्रत्येक नगासाठी ओळखीचा टॅग द्यायलाच हवा. चेक-इन केलेली बॅग कंपनीच्या ताब्यात असताना हरवली किंवा मोडली तर कंपनी जबाबदार, मग चूक नेमकी कोणाची हे प्रवाशाने सिद्ध करायची गरज नाही. अपवाद बॅगेतल्याच मूळ दोषाचा. बॅग उशिरा आली तर मात्र टाळण्यासाठी शक्य ते सगळं केलं होतं असं सिद्ध करून कंपनी सुटू शकते, पण ते सिद्ध करायचं ओझं तिच्यावर आहे. विमानात आपण हातात घेऊन जातो त्या पिशवीचा नियम उलटा आहे, तिथे कंपनीची चूक दाखवावी लागते. आपली जबाबदारी कराराच्या मर्यादेहून कमी करणारी अट कंपनीने तिकिटात छापली तर ती अट रद्दबातल ठरते, असंही करारात लिहिलेलं आहे. काउंटरवर ‘आमच्या नियमात बसत नाही’ हे वाक्य ऐकू आलं तर एवढं आठवावं.

बॅगा हरवतात कशा, हे समजून घेतलं की घाबरणं बरंच कमी होतं. विमानतळांना संगणक प्रणाली पुरवणाऱ्या सिटा या संस्थेच्या आकडेवारीनुसार २००७ साली जगभरात दर हजार प्रवाशांमागे जवळपास १९ बॅगांची हेळसांड होत होती. २०२४ साली हा आकडा ६.३ होता, म्हणजे सुमारे ३ कोटी ३४ लाख बॅगा. त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश केवळ उशिरा पोचलेल्या होत्या. कायमच्या हरवलेल्या किंवा चोरलेल्या सुमारे ८ टक्के, बाकीच्या मोडलेल्या किंवा उघडून काही काढून घेतलेल्या. उशिराचं सगळ्यात मोठं कारण विमान बदलणं. दुबई किंवा दोह्याला प्रवासी धावत पुढचं विमान गाठतो, पण बॅग तेवढ्या वेळात एका विमानाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात जात नाही. टॅगवरचा दहा अंकी नंबर हीच त्या बॅगेची ओळख. तो टॅग फाटला की बॅगेला नावच उरत नाही. जून २०१८पासून विमान कंपन्यांच्या आयाटा या संघटनेच्या ठरावानुसार सदस्य कंपन्यांनी चार ठिकाणी बॅगेची नोंद ठेवायची आहे: प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, दुसऱ्या कंपनीच्या हाती देताना आणि परत करताना. बॅग शेवटची कुठे दिसली याची नोंद कंपनीकडे असायला हवी, ही अपेक्षा त्यामुळे रास्त आहे आणि ती मागण्याचा संकोच करू नये.

शोधाची यंत्रणा वर्ल्डट्रेसर या नावाने ओळखली जाते. एका बाजूला प्रवाशांच्या तक्रारी, दुसऱ्या बाजूला जगभरातल्या विमानतळांवर बेवारस सापडलेल्या बॅगा, आणि दोन्ही नोंदींची जुळणी संगणक शंभर दिवसांपर्यंत करत राहतो. टॅगचा नंबर शाबूत असेल तर काम सोपं. नसेल तर रंग, आकार, बनावट आणि आत काय आहे यावरून जुळवावं लागतं. ‘काळी ट्रॉली बॅग’ एवढंच लिहिलं तर तशा हजारो बॅगा गोदामात पडलेल्या असतात. ‘आत हिरव्या रंगाची शाल, वर पत्ता लिहिलेलं औषधाचं पाकीट, झिपेला लाल दोरा’ असं लिहिलं तर उघडून पाहणाऱ्याला काही हाती लागतं. म्हणूनच बॅगेच्या आतही, अगदी वरच, स्वतःचं नाव, फोन आणि गावचा पत्ता लिहिलेला कागद ठेवावा. उमऱ्याच्या आणि हजच्या जथ्यांत तर हे दुप्पट महत्त्वाचं. टूरवाल्याने दिलेल्या एकाच रंगाच्या चाळीस बॅगा असतात, आणि त्यातली एखादी हरवत नाही, दुसराच कोणी भाविक ती आपली समजून घेऊन जातो. अशी बॅग कंपनीच्या कोणत्याही गोदामात सापडत नाही. ती दुसऱ्या गावच्या एखाद्या घरात असते आणि आतला पत्ता वाचूनच परत येते.

आता त्या तासाभराकडे वळू. पट्ट्याजवळच कंपनीचा किंवा तिचं काम पाहणाऱ्या एजन्सीचा बॅगेज काउंटर असतो. तिथे मिळवायचा कागद म्हणजे पीआयआर, बॅग न मिळाल्याचा अधिकृत अहवाल. त्यावर दहा चिन्हांचा क्रमांक असतो, ज्यात विमानतळाची तीन अक्षरं, कंपनीची दोन आणि पाच अंक येतात. तोंडी तक्रारीला हा क्रमांक नसतो, आणि क्रमांक नसलेली तक्रार चार दिवसांनी फोनवर कुणालाच सापडत नाही. अहवालात बुऱ्हाणपूरचा पत्ता पिनकोडसह आणि चालू असलेला भारतीय मोबाइल नंबर लिहिला आहे ना ते वाचून पाहावं, कारण परदेशातून आलेल्या माणसाच्या तिकिटावर पुष्कळदा तिकडचाच नंबर असतो आणि कंपनी त्यावरच फोन करत बसते. दुसरं काम सीमाशुल्काचं, आणि ते जवळपास सगळेच विसरतात. बॅग आली नसेल तर तसा दाखला कंपनीकडून घ्यायचा आणि त्यावर कस्टमच्या अधिकाऱ्याची सही-शिक्का घ्यायचा, त्यात करमुक्त सवलतीचा आपला किती भाग वापरायचा राहिला ते नोंदवून. मागाहून आलेल्या बॅगेलाही ही सवलत मिळते, पण ती या दाखल्यावर. उशिरा आलेली बॅगही कस्टममधूनच बाहेर पडते, म्हणून कुलपाची किल्ली किंवा आकडे, पासपोर्टची प्रत आणि सही केलेलं अधिकारपत्र ही व्यवस्था तिथेच विचारून लावावी. नाहीतर बॅग मुंबईत येऊन पडते आणि ती उघडून दाखवायला मालक बुऱ्हाणपुरात असतो.

यावर कोणी म्हणेल, सिटाच्याच आकडेवारीनुसार दोन तृतीयांश बॅगांचा प्रश्न ४८ तासांत सुटतो, मग आरक्षित गाडी सोडून एवढा खटाटोप कशाला? आकडा खरा आहे. पण आपली बॅग त्या दोन तृतीयांशांतली आहे की उरलेल्यांतली, हे पट्ट्याजवळ उभं असताना कोणालाच माहीत नसतं. शिवाय कायद्याचं घड्याळ त्याच दिवशी सुरू होतं. बॅग यायला हवी होती त्या दिवसापासून २१ दिवसांत ती आली नाही, किंवा ती हरवल्याचं कंपनीने त्याआधीच कबूल केलं, तर प्रवासी भरपाईचा हक्क बजावू शकतो. बॅग मोडकी मिळाली तर मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. या मुदतीत तक्रार नसेल तर, कंपनीने फसवणूक केली असल्याखेरीज, दावाच उभा राहत नाही. आणि कोर्टात किंवा ग्राहक आयोगात जायची शेवटची मर्यादा दोन वर्षं. पीआयआर म्हणजे भरपाईची मागणी नव्हे, हेही ध्यानात असू द्यावं. ती हरवल्याची नोंद आहे. पैशाची मागणी वेगळ्या पत्राने किंवा ईमेलने, क्रमांक देऊन, तारखेसह करावी आणि पोचपावती जपावी. घरी आलेली बॅग चिरलेली निघाली तर ‘कपडे तर मिळाले’ म्हणून गप्प बसण्यात सातवा दिवस निघून जातो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त रास्त दावे असेच वाया जातात.

तिकिटाची एक बाब इथेच सांगायला हवी. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल आणि वाटेत दोन-तीन कंपन्यांची विमानं असतील, तर सामानाबाबत प्रवासी पहिल्या कंपनीला, शेवटच्या कंपनीला किंवा ज्या टप्प्यावर बॅग हरवली तो टप्पा नेणाऱ्या कंपनीला धरू शकतो. ‘ती चूक त्यांची, तुम्ही त्यांच्याकडे जा’ हे शेवटच्या कंपनीचं उत्तर तेव्हा टिकत नाही. पण मुंबई ते इंदूर हा तुकडा स्वस्त मिळाला म्हणून वेगळा काढला असेल, तर मोठ्या कंपनीचा मक्ता मुंबईलाच संपतो. पुढच्या देशांतर्गत प्रवासात सामानाच्या भरपाईची कमाल मर्यादाही फार खाली, २०,००० रुपये आहे.

खरा गंभीर आक्षेप रकमेचा आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात माणशी कमाल भरपाई आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआर या एककात ठरते. करारातला आकडा २००९च्या अखेरीस १,१३१, डिसेंबर २०१९पासून १,२८८ आणि २८ डिसेंबर २०२४पासून १,५१९ एसडीआर झाला, म्हणजे २०२५च्या दरांनी पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास. भारतात ही मर्यादा सरकारच्या अधिसूचनेने लागू होते, म्हणून दावा लिहिताना त्या वेळी लागू असलेला आकडा पाहून घ्यावा. लग्नासाठी आणलेलं सोनं किंवा लॅपटॉप आणि कॅमेरे गेले तर ही रक्कम अपुरी पडते, हे मान्य. पण त्यावर करारातच उपाय आहे: चेक-इनच्या वेळी सामानाची किंमत खास जाहीर करून जादा आकार भरला तर मर्यादा त्या रकमेपर्यंत वाढते. बहुतेकांना हा उपाय माहीत नसतो, आणि खरं तर दागिने, रोकड, मूळ कागदपत्रं व रोजची औषधं चेक-इनच्या बॅगेत घालूच नयेत. दुसरीकडे, ही मर्यादा म्हणजे आपोआप हातात पडणारी रक्कमही नव्हे. युरोपीय न्यायालयाने २०२०च्या एका निकालात स्पष्ट केलं की हा कमाल आकडा आहे, सरसकट देणं नाही, आत काय होतं आणि त्याची किंमत काय हे प्रवाशाने दाखवावं लागतं. त्याच न्यायालयाने २०१२ साली, बार्सिलोनाहून पॅरिसला गेलेल्या चौघांच्या कुटुंबाच्या प्रकरणात, एकाच्या बॅगेत दुसऱ्याचं सामान असेल तर त्या दुसऱ्यालाही स्वतंत्र दावा करता येतो असं म्हटलं. हे निकाल भारतात बंधनकारक नाहीत, पण करार तोच आहे आणि तर्क पटण्यासारखा आहे. आपली कुटुंबं तर चार जणांचं सामान दोन बॅगांत भरण्यात पटाईत. म्हणून निघण्यापूर्वी उघड्या बॅगेचा एक फोटो, बंद बॅगेचा एक, आणि परदेशातल्या खरेदीची बिलं फोनमध्ये असू द्यावीत. बॅग येईपर्यंत विकत घ्याव्या लागलेल्या कपड्यांची, औषधांची, दाढीच्या सामानाची बिलंही ठेवावीत. बॅग उशिरा आली आणि ती आणायला बुऱ्हाणपूरहून मुंबईला यायला लावलं तर त्या तिकिटाचा खर्चही उशिरामुळे झालेल्या नुकसानात मागावा. महानगरातल्या माणसाला बॅग दारात मिळते आणि आपण पाचशे किलोमीटर जाऊन आणायची, हा फरक मुकाट्याने सोसण्याचं कारण नाही.

हल्ली बॅगेत माग काढणारं छोटं यंत्र टाकलं की झालं, असं तरुण मंडळी सांगतात. ते टाकावंच. २०२४च्या अखेरीपासून अशा यंत्राने दाखवलेली जागा वर्ल्डट्रेसरशी जोडण्याची सोयही सुरू झाली आहे. पण बॅग कुठल्या तरी विमानतळावर पडून आहे हे फोनवर दिसणं आणि ती आपल्यापर्यंत आणण्याचं बंधन कंपनीवर असणं, या दोन गोष्टी वेगळ्या. यंत्र जागा दाखवतं, ते बंधन टॅगमुळे येतं. प्रवासविम्याचंही तसंच. तो घ्यावा, पण विमा कंपनी पहिला कागद मागते तो पीआयआर.

शेवटचा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकण्याजोगा मानतो, कारण त्यामागे अनुभवाची थकावट असते: एवढ्या मोठ्या कंपनीशी बुऱ्हाणपूरच्या माणसाने भांडायचं कुठे, आणि मुंबईच्या वकिलाला द्यायला पैसे कुठून? इथे कायदा २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बदलला आहे. जुलै २०२०पासून ग्राहक आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करू शकतो. कंपनीचं कार्यालय कुठे आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. बुऱ्हाणपूर ऑगस्ट २००३मध्ये खांडव्यापासून वेगळा जिल्हा झाला, म्हणजे त्यासाठी खांडव्यालाही जावं लागत नाही. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि विमानाचं तिकीट सहसा त्यात बसतंच. तक्रार ऑनलाइन दाखल होते, वकील सक्तीचा नाही, सुनावणी व्हिडिओवर मागता येते. विमानवाहतूक करारांखालचे दावे ग्राहक मंच ऐकू शकतात का, हा वाद कंपन्यांनी पूर्वी उपस्थित केला होता. मुंबईहून अॅम्स्टरडॅममार्गे माद्रिदला पाठवलेल्या कपड्यांच्या मालाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०११मध्ये, ट्रान्स मेडिटेरेनियन एअरवेज विरुद्ध युनिव्हर्सल एक्स्पोर्ट्स या निकालाने, त्याचं उत्तर ‘हो’ असं दिलं. आयोगाने तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पण बहुतेक प्रकरणं तिथवर जाऊ नयेत यासाठीच मधल्या पायऱ्या आहेत: कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र, मग नागरी विमानवाहतूक मंत्रालयाची एअरसेवा, ग्राहक हेल्पलाइन १९१५. पीआयआर, टॅग, बोर्डिंग पास आणि बिलं जोडलेलं नेमकं पत्र या पायऱ्यांवरच पुष्कळदा उत्तर मिळवतं. कागद नसलेल्या माणसाला मात्र आयोगाच्या दारातही ‘बॅग दिली होती’ इथपासून सिद्ध करत यावं लागतं.

तेव्हा परतीचं रेल्वे आरक्षण करताना विमान उतरल्यापासून गाडी सुटेपर्यंत चार-पाच तासांची फट ठेवा. पासपोर्टच्या किंवा बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेला टॅगचा तुकडा बॅग घरी येऊन उघडून पाहीपर्यंत फेकू नका. आणि मोहल्ल्यात कोणाची बॅग राहून गेल्याचं कळलं तर त्याला धीर देताना एवढंही विचारा, की पीआयआरचा नंबर काय आहे आणि आज कितवा दिवस.